गच्चीवरचा पहिला डायपोल: ४० मीटर बँडसाठी उलटा व्ही, तारेपासून ट्यूनिंगपर्यंत

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी मंडळींनी आपापसात बोलायच्या रेडिओचा, परवाना हातात आला की बहुतेकांचे पैसे आधी सेटवर खर्च होतात आणि अँटेनाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. हा क्रम उलटा करा. हैदराबादच्या अशर फरहान यांनी तयार केलेला बिटएक्स-४० हा जेमतेम ७ वॉटचा सेट आहे, पण नीट बांधलेल्या डायपोलला (मध्यावर केबल जोडलेला, दोन सारख्या बाजूंच्या तारेचा अँटेना) जोडला तर पुण्याहून बेंगळुरूशी सहज गप्पा होतात. उलट १०० वॉटचा सेट गच्चीवर कशाबशा टाकलेल्या तारेला जोडला तर बरीचशी शक्ती केबलमध्ये आणि घरातल्या वायरिंगमध्येच जिरते. इथे बांधायचा तो उलटा व्ही, म्हणजे मध्य काठीवर उंच आणि दोन्ही टोकं खाली उतरलेला डायपोल. त्याला लागणारं सगळं सामान हार्डवेअरच्या आणि इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं. एक रविवार पुरतो, घाई मात्र करायची नाही.

सुरुवातीला ४० मीटर बँडच का? भारतात हा बँड ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ आहे आणि आपल्याकडची बोलती मंडळी दिवसा बहुतेक इथेच सापडतात. २० मीटर किंवा १० मीटरवर परदेश ऐकू येतो, पण कोल्हापूर-नागपूर ऐकू येईलच असं नाही. तार अर्ध्या तरंगाएवढी लागते, त्यामुळे ४० मीटरची तार एकूण २० मीटरच्या आसपास होते, म्हणजे साध्या सोसायटीच्या गच्चीवर मावते. ८० मीटरची तार याच्या दुप्पट, ती मावत नाही.

परवान्याबद्दल थोडक्यात. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून परीक्षा होते आणि परवाना मिळतो. वय किमान १२ वर्षं लागतं. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी आहेत, जनरलला मोर्सची (टिंब-रेघांच्या सांकेतिक भाषेची) परीक्षाही द्यावी लागते. परवाना येईपर्यंत अँटेना बांधून फक्त ऐकत राहा. माइकचं बटण दाबायचं नाही, ‘चाचणीपुरतं’ म्हणूनसुद्धा नाही.

गच्ची आणि परवानगी

सोसायटीच्या कमिटीकडे तोंडी विचारू नका. एका कागदावर गच्चीचा आराखडा काढा, काठी कुठे उभी राहणार, तारेची टोकं कुठे बांधणार, केबल कुठून खाली येणार ते दाखवा, आणि सोबत परवान्याची प्रत जोडा. कमिटीला खरी भीती गळतीची असते. म्हणून ‘गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला एकही भोक पाडणार नाही’ हे वाक्य अर्जात स्पष्ट लिहा, आणि ते पाळा. काठी लिफ्टच्या खोलीच्या भिंतीला किंवा पाण्याच्या टाकीच्या खांबाला यू-क्लॅम्पने आवळता येते.

जागा निवडताना सगळ्यात आधी विजेच्या तारा बघा. तालुक्याच्या गावी ११ केव्हीची लाइन कित्येकदा गच्चीच्या कठड्यापासून हातभर अंतरावर असते. काठी कुठल्याही दिशेला पडली तरी तारांना लागणार नाही, एवढं अंतर हवंच. काठीच्या उंचीच्या दीडपट अंतर धरा. तेवढी जागा नसेल तर त्या गच्चीवर हा अँटेना बांधायचा नाही. याला पळवाट नाही.

६ मीटरची काठी आणि टोकं गच्चीच्या फरशीपासून अडीच मीटर वर, असं धरलं तर प्रत्येक बाजूची तार आडव्या अंतरात साडेनऊ मीटर जागा घेते, एकूण १९ मीटर. गच्ची १४-१५ मीटरचीच असेल तर शेवटची दोन मीटर तार कठड्याला समांतर वळवून बांधा. रेझोनन्स, म्हणजे तार ज्या फ्रिक्वेन्सीला सगळ्यात नीट चालते ती जागा, थोडा सरकतो, तो ट्यूनिंगमध्ये सुधारतो. मधल्या कोनाला मात्र जपा. दोन बाजूंमधला कोन ९० अंशांपेक्षा कमी झाला की दोन्हीकडचे प्रवाह एकमेकांना मारायला लागतात. पूर्व-पश्चिम की दक्षिण-उत्तर याची चिंता या उंचीवर करायची गरज नाही, कारण उलटा व्ही जवळपास सगळीकडे सारखाच चालतो.

सामान

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली, या दोन ठिकाणी सगळं एका फेरीत मिळेल. यादी अशी: घरच्या वायरिंगला वापरतात ती १.५ चौरस मिलिमीटरची बहुतंतू तांब्याची पीव्हीसी तार २२ मीटर. आरजी-५८ केबल (मध्ये तार आणि तिच्याभोवती जाळी असलेली), गच्चीवरच्या काठीच्या टोकापासून रेडिओपर्यंत जेवढी लागेल तेवढी, वर ६ मीटर जास्त. केबलच्या टोकांना लावायचे पीएल-२५९ प्लग दोन, त्यांच्यासोबत आरजी-५८ ला बसणारे रिड्यूसर (बारीक केबल प्लगमध्ये घट्ट बसवणारी नळी) दोन, आणि हा प्लग ज्यात बसतो ते एक एसओ-२३९ सॉकेट. ११० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा २० सेंटिमीटरचा तुकडा, प्लंबर उरलेला देतात. मधल्या जोडासाठी प्लॅस्टिकचा भाजी चिरायचा पाट, त्यातून १०×८ सेंटिमीटरचा तुकडा कापायचा. टोकांसाठी विजेच्या कन्ड्यूट पाइपचे ८-८ सेंटिमीटरचे दोन तुकडे. ४ मिलिमीटरची काळी पॉलिस्टर दोरी २० मीटर, एक छोटी कप्पी, आणि स्वतःलाच चिकटणारी रबर टेप.

दोरीबद्दल एक गोष्ट: दुकानात निळी-पिवळी चमकदार दोरी स्वस्त मिळते. ती उन्हात ठिसूळ होते आणि पावसाच्या पहिल्या वाऱ्यात तुटते. काळी पॉलिस्टरच घ्या.

केबलसाठी पुष्कळ जण घरात पडलेली डिशची आरजी-६ वापरू का म्हणून विचारतात. ऐकण्यापुरती चालेल. पण तिच्या बऱ्याच प्रकारांत मधली तार तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी असते आणि वरची जाळी अॅल्युमिनियमची, जिला डाख बसत नाही. शिवाय ती ७५ ओहमची. आरजी-५८ चा ७ मेगाहर्ट्झवरचा लॉस ३० मीटरला सव्वा डेसिबेलच्या आतबाहेर आहे, म्हणजे १०० वॉटमधले साधारण ७५ वर पोचतात. हे चालण्यासारखं आहे. हीच केबल १४५ मेगाहर्ट्झला वापरली तर १०० मधले २५ च्या आसपासच पोचतील. म्हणून व्हीएचएफच्या, म्हणजे १४५ सारख्या वरच्या फ्रिक्वेन्सीच्या, अँटेनाला उरलेली आरजी-५८ लावू नका.

तार कापणं

अर्ध्या तरंगाची लांबी मीटरमध्ये काढायची तर १४३ ला मेगाहर्ट्झने भागा. १४३ ÷ ७.१ म्हणजे २०.१४ मीटर, प्रत्येक बाजू १०.०७. हा आकडा उघड्या तारेचा. पीव्हीसीचं आवरण असलेली तार त्याच फ्रिक्वेन्सीला दोन ते चार टक्के आखूड लागते, आणि गच्चीचा स्लॅब, त्यातलं लोखंड, टाकी हे सगळं रेझोनन्स आणखी खाली खेचतं. त्यामुळे अंतिम लांबी ९.७ ते १० मीटरच्या मध्ये कुठेतरी येईल. कुठे, ते फक्त मोजल्यावर कळतं.

प्रत्येक बाजू १०.५ मीटर कापा. दोन्ही तारा शेजारी शेजारी ताणून कापा म्हणजे सारख्या होतील. टोकाला कन्ड्यूटच्या तुकड्यातून तार ओवून १०.२० मीटरवर घडी घाला आणि उरलेलं शेपूट मूळ तारेवर घट्ट पिळून ठेवा. घट्ट पिळलेलं शेपूट विजेच्या दृष्टीने नसल्यातच जमा होतं, म्हणून आता कापायची गरज नाही. लोंबकळतं ठेवलंत तर ते लांबीत धरलं जातं आणि मापं फसतात.

मधला जोड आणि चोक

पाटाच्या तुकड्याला मध्यावर एसओ-२३९ सॉकेट बसवा. दोन्ही कडांना तीन-तीन भोकं पाडून तार त्यातून खालीवर ओवा. ताण या ओवणीवर यायला हवा, डाखावर कधीच नाही. एका बाजूची तार सॉकेटच्या मधल्या पिनेला, दुसरी बाजू सॉकेटच्या बॉडीला बोल्ट-वॉशरने. जोडापाशी तारेला हातभर नाही पण चार बोटं ढील ठेवा. वाऱ्यात तार सतत हलते आणि ताठ जोड तिथेच तुटतो.

आता चोक, म्हणजे नको असलेला प्रवाह अडवणारं केबलचं वेटोळं. डायपोल दोन्ही बाजूंनी सारखा आहे, केबल तशी नाही. चोक नसेल तर काही प्रवाह केबलच्या जाळीच्या बाहेरच्या अंगाने खाली वाहतो आणि केबलच अँटेनाचा तिसरा हात बनते. मग माइकला ओठ लागला की चटका बसतो, कॉम्प्युटरचे स्पीकर घरघरतात आणि घरातल्या चार्जरचा सगळा गोंगाट रिसीव्हरमध्ये शिरतो. उपाय सोपा आहे: जोडापासून लगेच खाली, ११० मिलिमीटरच्या पाइपवर त्याच केबलचे १५ वेढे एका थरात, एकमेकांना चिकटून गुंडाळा. साधारण साडेपाच मीटर केबल जाते. याचं इंडक्टन्स २३ मायक्रोहेन्रीच्या आसपास येतं आणि ७.१ मेगाहर्ट्झवर हजार ओहमचा अडसर उभा राहतो. तेवढा पुरेसा आहे. केबलची नुसती गुंडाळी करून केबल-टायने बांधू नका. त्यात पहिला वेढा शेवटच्या वेढ्याला लागतो आणि त्यांच्यातल्या कपॅसिटन्समधून प्रवाह सरळ पुढे जातो.

पीएल-२५९ लावणं

नव्या मंडळींची अर्धी दुखणी या एका प्लगमध्ये असतात, म्हणून इथे वेळ द्या. आधी प्लगची बाहेरची फिरती रिंग केबलवर ओवा, मग रिड्यूसर. ही रिंग विसरणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे आणि ती डाख थंड झाल्यावरच लक्षात येते.

केबलच्या टोकापासून १९ मिलिमीटर बाहेरचं आवरण गोल कापून काढा. चाकू जाळीला लागता कामा नये. जाळी मोकळी करून उलटी मागे वळवा आणि रिड्यूसरच्या पुढच्या भागावर सारखी पसरा. जास्तीची कातरून १० मिलिमीटर ठेवा. मधलं पांढरं इन्सुलेशन टोकापासून १६ मिलिमीटर काढा, तारेला हलका डाख लावून घ्या. आता प्लगची बॉडी रिड्यूसरवर स्क्रूसारखी फिरवत आवळा. बॉडीला असलेल्या भोकांतून आत जाळी दिसली पाहिजे. त्या भोकांतून जाळीला डाख द्यायचा, आणि शेवटी पुढच्या पोकळ पिनेत.

२५ वॉटची सोल्डरिंग आयर्न इथे कामाची नाही. बॉडी पितळेची आणि जाड असते, ती उष्णता खेचून घेते. मग तुम्ही मिनिटभर आयर्न धरून बसता, डाख वर गोळा होऊन बसतो आणि आत इन्सुलेशन वितळून मधली तार जाळीला टेकते. ६० ते १०० वॉटची, जाड टोकाची आयर्न घ्या, काम काही सेकंदांत उरका. चकचकीत मुलामा असलेल्या स्वस्त प्लगवर डाख घसरतो. गोल कानसेने भोकांच्या कडा पितळ दिसेपर्यंत घासा. डाख चमकदार आणि पसरलेला दिसला तर बसला. करडा, दाणेदार, थेंबासारखा दिसला तर तो कोरडा जोड आहे, पुन्हा करा.

गार झाल्यावर मल्टिमीटरने बघा: पीन ते पीन शून्य ओहम, बॉडी ते बॉडी शून्य ओहम, पीन ते बॉडी उघडं. केबल हलवत हलवत बघा, म्हणजे लूज जोड सापडतो.

उभारणी

काठीच्या टोकाला कप्पी, कप्पीतून दोरी, दोरीला मधला जोड. कप्पी टाळू नका. ट्यूनिंग करताना जोड निदान पाच-सहा वेळा खालीवर करावा लागतो आणि दरवेळी काठी आडवी करणं दोन माणसांचं काम आहे. काठी लोखंडी असेल तर जोड तिच्यापासून वीतभर लांब राहील असा आडवा पीव्हीसीचा तुकडा लावा. टोकांना दोरी बांधून कठड्याच्या खांबांना ताणा. तार सतारीसारखी ताणायची नाही, थोडा झोल राहू द्या.

टोकं माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतकी वर हवीत. १०० वॉटवर तिथे काहीशे व्होल्ट असतात आणि संध्याकाळी गच्चीवर मुलं खेळतात. कपडे वाळत घालायच्या तारा लोखंडी असतील तर अँटेना त्यांच्या समांतर नेऊ नका. आणि संक्रांतीच्या दिवसांत मांजा अडकला तर ओढून तोडू नका. जोड खाली घ्या आणि मग सोडवा.

मोजणं आणि ट्यूनिंग

नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं उपकरण) असेल तर काम दहापट सोपं होतं. नसेल तर जवळच्या क्लबमध्ये हमखास कुणाकडे तरी असतो. जोडण्याआधी केबलची पीन आणि बॉडी क्षणभर एकमेकांना टेकवा. कोरड्या वाऱ्यात तारेवर स्थिर वीज साठते आणि तेवढी या उपकरणाचं पहिलं मंडळ जाळायला पुरते. रेंज ६.५ ते ७.५ मेगाहर्ट्झ लावा, मग ओपन, शॉर्ट, लोड या क्रमाने कॅलिब्रेट करून सेव्ह करा. रेंज बदलली की कॅलिब्रेशन पुन्हा करा.

एसडब्ल्यूआर हे अँटेनाकडून परत येणाऱ्या शक्तीचं माप, १ म्हणजे काहीच परत येत नाही. पडद्यावर त्याची दरी, म्हणजे सगळ्यात खालची जागा, कुठे आहे ते बघा. समजा ६.८८० वर आहे. नवी लांबी = आत्ताची लांबी × आत्ताची फ्रिक्वेन्सी ÷ हवी असलेली फ्रिक्वेन्सी. १०.२० × ६.८८० ÷ ७.१०० म्हणजे ९.८८ मीटर. प्रत्येक बाजू ३२ सेंटिमीटर आखूड करायची. मनात ठेवायला सोपा हिशोब: या बँडवर प्रत्येक बाजूला १ सेंटिमीटर म्हणजे ७ किलोहर्ट्झ. पहिल्या फेरीत २५ सेंटिमीटरच घ्या, वर चढवा, मोजा, मग उरलेलं. दोन्ही बाजू दरवेळी सारख्याच घ्या. मोजताना काठीला किंवा तारेला हात लावून उभं राहू नका.

दरी ७.१ वर आणि तिथे एसडब्ल्यूआर १.५ च्या आत आला की थांबा. १.५ ला परत येणारी शक्ती ४ टक्के असते, २ ला ११ टक्के. १.३ चं १.१ करायला अख्खी दुपार घालवण्यात अर्थ नाही, समोरच्याला त्यातलं काहीही ऐकू येत नाही. शेपूट महिनाभर तसंच राहू द्या, मग हवं तर कापा. हीच तार १५ मीटर बँडवरही थोड्या जास्त एसडब्ल्यूआरने चालते, कारण ७ ची तिप्पट २१.

आकडे विचित्र आले तर त्यांचा अर्थ असा लावा. सगळ्या फ्रिक्वेन्सीवर एसडब्ल्यूआर आकाशाला भिडलेला असेल तर प्लगमध्ये शॉर्ट किंवा तुटलेला जोड आहे. वर मधला जोड जोडलेला असताना खाली मल्टिमीटरने पीन ते बॉडी उघडं दिसलं पाहिजे, शून्य दिसलं तर जाळीचा एखादा केस आत टेकलाय. दोन दऱ्या दिसत असतील तर दोन बाजूंची लांबी वेगळी आहे किंवा जवळची एखादी लांब लोखंडी वस्तू सोबत वाजतेय. केबल हातात धरल्यावर आकडा हलत असेल तर चोक नीट नाही. आणि एसडब्ल्यूआर सगळीकडेच छान, ५ पासून १० मेगाहर्ट्झपर्यंत सपाट १.३, असा आला तर आनंदू नका. केबलमध्ये पाणी शिरलंय. शक्ती वर जाताना आणि परत येताना केबलच खाऊन टाकते, म्हणून मीटरला परत येणारं काहीच दिसत नाही.

पावसात दरी काही किलोहर्ट्झ खाली सरकते. ओल्या आवरणाचा तो परिणाम आहे, तार सुकली की जागेवर येते. त्यासाठी तार कापू नका.

ऐकायला बसा

सेट एलएसबीवर (या बँडवर बोलायला वापरतात तो मोड) ठेवा आणि ७.०५० ते ७.१५० हळूहळू फिरवा. आवाज बदकासारखा येत असेल तर डायल १००-१०० हर्ट्झने सरकवा, माणसाचा होईल. ७.०३० च्या खाली मोर्स असतं, ७.०७४ वर एफटी८ ची (कॉम्प्युटरने पाठवलेल्या छोट्या संदेशांची) शिट्टी. दिवसा या कमी उंचीच्या अँटेनाची शक्ती बहुतेक सरळ वर जाते आणि आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परत खाली येते, म्हणून तीन-चारशे किलोमीटरच्या आतली स्टेशनं दणदणीत येतात. रात्र चढली की तो थर विरळ होतो, जवळची स्टेशनं विझतात आणि लांबची वर येतात. अँटेना बिघडला असं समजू नका.

नुसती खरखर येत असेल तर सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन बंद करा. एस-मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारा मीटर) खाली आला तर चोर घरातच आहे. एकेक एमसीबी चालू करत जा. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, राउटरचा अडॅप्टर, इन्व्हर्टर, मोबाइलचे स्वस्त चार्जर, यांतलाच कुणीतरी निघतो.

पहिल्यांदा बोलताना आधी ऐका, मग विचारा की फ्रिक्वेन्सी वापरात आहे का, मग आपला कॉलसाइन (परवान्यासोबत मिळालेली ओळख) एकेक अक्षर सावकाश. लॉगमध्ये, म्हणजे संभाषणांच्या नोंदवहीत, वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा, घड्याळातून साडेपाच तास वजा.

पावसाळ्याआधी

प्लगच्या जोडावर रबर टेप दुप्पट ताणून, खालून वर अशी गुंडाळा, म्हणजे कौलांसारखं पाणी बाहेर उतरतं. वर साध्या इन्सुलेशन टेपचा एक थर, उन्हासाठी. केबल खिडकीतून आत घेण्याआधी खाली एक लोंबता वळसा ठेवा, पाणी त्या वळशावरून ठिबकून जातं, नाहीतर केबलच्या कडेने थेट सेटवर येतं. कोकणात आणि गोव्यात खारी हवा सॉकेट हिरवं करते, तिथे दरवर्षी जोड उघडून साफ करावा लागतो.

विजांचे दिवस आपल्याकडे मुख्यतः एप्रिल-मे आणि पाऊस परतताना ऑक्टोबरचे. ढग दिसले की केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर ठेवा, गडगडाट ऐकू आल्यावर तिला हात लावायचा नाही. लोखंडी काठी इमारतीच्या तडितरक्षकाला जोडायचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

मे महिन्यात जोड एकदा खाली घ्या, ओवणीपाशी तार झिजलीय का आणि कप्पी फिरतेय का बघा, दोऱ्या बदला. मग पुन्हा चढवून ७.००, ७.१० आणि ७.२० या तीन ठिकाणचा एसडब्ल्यूआर मोजा आणि तारखेसकट सेटजवळच्या वहीत लिहा. पुढच्या वर्षी ७.०० आणि ७.२० चे आकडे सुधारून सगळे सारखे झाले असतील, तर नवी केबल आणायची वेळ झाली.